काका, फक्त हो म्हणा

नव्या मुली आल्या की अर्शिया त्यांना पहिल्या दिवशी ताप आणि मलेरिया शिकवायची.

"ताप आला, गोळी दिली, माणूस उठून कामाला लागला. ही झाली इन्सिडेंट. तिकीट उघडा, म्हणजे तक्रार नोंदवा, गोळी द्या, तिकीट बंद करा. पण त्याच माणसाला दर आठवड्याला ताप यायला लागला आणि तरी कुणी गोळ्याच देत बसलं, तर त्याला काय म्हणाल?"

"कंपाउंडर," रिम्शा म्हणाली होती, आणि सगळ्या खळखळून हसल्या होत्या.

"बरोबर. डॉक्टर असेल तो रक्त तपासेल. मलेरिया सापडला, की तो झाला प्रॉब्लेम. त्याचं वेगळं रेकॉर्ड उघडायचं आणि मूळ सापडेपर्यंत ते बंद करायचं नाही. आख्खं शास्त्र एवढंच आहे. बाकीची पानं इंग्रजीत असतात म्हणून जड वाटतात."

नंदुरबारच्या मुलींना मलेरिया समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे धडा पटकन डोक्यात जायचा. अर्शियाने या शास्त्राची परीक्षा दिलेली होती. लोकांना आयटीची सेवा कशी द्यावी, तक्रार कशी घ्यावी, बदल कुणाला विचारून करावा, याचे जगभर मानलेले नियम असतात. ते वाचताना तिला पहिल्यांदा वाटलं होतं, की अरे, हे तर शहाणपण आहे, कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं. परीक्षेचं सर्टिफिकेट अब्बांनी, म्हणजे शौकत टीनवाल्यांनी, काच लावून दुकानात टांगलं. पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवणारं ते दुकान. तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला कोठीचा भाव नंतर कळायचा, आधी पोरीचं कौतुक ऐकावं लागायचं.

कंपनीचं नाव निगराणी सर्व्हिसेस. मुख्य ऑफिस सुरतला, आणि नंदुरबारला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावरचा पहिला मजला. काम असं, की केळी पिकवायच्या खोल्या, दुधाचे थंड टँक, नवापूरकडची अंडी उबवायची केंद्रं, अशा ठिकाणी कंपनी एक डबा बसवायची. डब्यात सिमकार्ड. तो आतलं तापमान दर थोड्या वेळाने नंदुरबारला कळवायचा. आकडा हाताबाहेर गेला की मालकाच्या मोबाईलवर घंटी वाजायची आणि इथल्या पडद्यावर लाल पट्टी यायची. पडद्यासमोर अर्शियाच्या हाताखालच्या मुली बसायच्या. या मुली काही आपोआप आलेल्या नव्हत्या. एकेकीच्या घरी जाऊन, चहा पिऊन, आई-बापांना पटवून अर्शियाने त्या आणल्या होत्या. मुली ऑफिसात बसतील, अंधाराआधी घरी येतील, जबाबदारी माझी, असं तिने घराघरात सांगितलं होतं.

आणि आता सुरतेहून निरोप आला होता. एका मोठ्या डेअरीचं कंत्राट मिळायचं होतं, पण डेअरीवाल्यांची अट होती, की सेवेचं आयएसओ प्रमाणपत्र हवं. ते मिळालं तर नंदुरबारचं ऑफिस राहील, वाढेल. नाही मिळालं तर सगळी टेबलं सुरतेला. सुरतेला या मुलींपैकी एकही जाणार नव्हती. आई-बापांनी नंदुरबारच कसंबसं कबूल केलं होतं. एकदा घरी बसली की पोर पुढे कुठे जाते, ते अर्शियाला चांगलं माहीत होतं. तिच्या बरोबरीच्या सगळ्या तिथेच गेल्या होत्या.

ऑडिटर सोमवारी येणार होत्या. मॅनेजर नवनीत सरांनी शुक्रवारी सकाळी सगळ्यांना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर उभं केलं. नवनीत सर मूळचे नवापूरचे, सुरतेत वाढलेले. आवाज कधी चढत नसे, हसत हसत माणसाचा गळा धरायची कला होती.

"हा पडदा सोमवारी कोरा पाहिजे. एकही तिकीट उघडं नको. ग्राहकाचा होकार घ्या आणि बंद करा."

"सर, काही तक्रारी खरंच सुटलेल्या नाहीत," अर्शिया म्हणाली. "गिरधरकाकांच्या डब्याचं तर मी सांगत आलेय. लाईट जाऊन आली की तो अडकतो. तो प्रॉब्लेम म्हणून नोंदवायला हवा. नियमच तसा आहे."

"नियम तुझ्याकडून शिकायचा राहिला होता माझा," सर हसले. "प्रॉब्लेम नोंदवला की ऑडिटर त्याचंच शेपूट धरून बसणार. मंगळवारी नोंदव. मंगळवारी आपला मेकॅनिक जावेद जाईल, नवा डबा बसवेल. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

खरी गोष्ट अशी, की नियमांच्या त्या पुस्तकात कुठेही असं लिहिलेलं नव्हतं. पुस्तक बिचारं उलटंच सांगत होतं, की लपवू नका, उघडं ठेवा, मूळ शोधा. पण पुस्तकाला पास व्हायचं नव्हतं, ऑफिसला व्हायचं होतं. आणि ऑफिसने पास होण्याची आपली एक रीत बसवली होती. तिकीट बंद करायला ग्राहकाचा होकार ऑफिसच्या लाईनवर रेकॉर्ड व्हावा लागतो. म्हणून मुली आधी स्वतःच्या मोबाईलवरून फोन करायच्या. काका, मामा, मावशी म्हणून गळ घालायच्या, कुणाची कोण हे काढायच्या, परत उघडते म्हणून शब्द द्यायच्या. माणूस विरघळला, की मग ऑफिसच्या लाईनवरून रीतसर फोन. तिथे त्याने फक्त 'हो' म्हणायचं. बाहेरगावच्या कंपन्यांना जमलं नसतं ते इथे सहज जमायचं, कारण इकडे ओळखीच्या घरच्या पोरीला नाही म्हणणं कुणाच्या तोंडून निघत नाही. ही रीत कुणी काढली हे विचारायची गरज नाही. अर्शियानेच काढली होती.

दुपारपर्यंत मुलींनी पडदा जवळजवळ पुसला. उरलं गिरधरकाकांचं तिकीट, आणि ते अर्शियाचं होतं.

गिरधर पाटील तापीकाठचे, सारंगखेड्याच्या अलीकडल्या गावचे गुजर. गावातल्या केळीवाल्यांना गोळा करून त्यांनी मंडळी उभी केली होती, कच्चा माल व्यापाऱ्याच्या गाडीत न घालता गावातच पिकवून विकायचा म्हणून. मंडळीचे चेअरमन तेच. पिकवायची खोली झाली तेव्हा काका तिच्या दाराशी खाट टाकून झोपायचे. कोठी घ्यायला शौकतभाईंच्या दुकानात आले असताना त्यांनी ते हसत सांगितलं होतं, आणि अब्बांनी हातोडी खाली ठेवून म्हटलं होतं, "गिरधरभाऊ, खाट घर मा ली जा. मन्ही पोरनी कंपनीना डबा बसाडा. ती बठेल शे तठे. मन्ही जबान शे." काकांच्या वडिलांपासूनच्या कोठ्या याच दुकानातून गेलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा मागवला. माहितीपत्रक वाचलंसुद्धा नाही.

डबा पावसाळ्यापर्यंत नीट चालला. मग लाईट जाऊन आली की अडकायला लागला. अडकला की मोबाईलवर शेवटचा आकडाच दिसत राही. खोलीत काहीही चाललेलं असो, मोबाईल सतरा अंश म्हणत राही. काका फोन करत, मुली इथून डबा बंद-चालू करत, तिकीट बंद होई. पुढल्या खेपेला परत तेच. एकदा कारण 'नेटवर्क' लिहिलेलं, एकदा 'ग्राहकाकडील वीज', एकदा 'माहिती हवी होती'. वेगवेगळं लिहा, असं नवनीत सरांचं सांगणं होतं. एकच कारण सारखं दिसलं की कॉम्प्युटर आपणहून प्रॉब्लेम दाखवतो.

अर्शियाने जिन्यात जाऊन स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला.

"काका, मी अर्शिया बोलस."

"बोल बेटा. जावेद येई ऱ्हायना का?"

"मंगळवारे येई काका. पन त्या आगोदर तुम्हनं तिकीट बंद करनं शे. ऑफिसमधून फोन येई, तुम्ही फक्त हो म्हना."

"बिघाड ते शेच ना पन?"

"शे काका. सोमवारे मुंबईनी मॅडम तपासाले येई ऱ्हायनी. पास झालूत ते ऑफिस अठे ऱ्हाई, नहीते सुरत जाई."

काकांच्या मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मंग तुन्ही नोकरी?"

"मन्ही बी जाई. सगळ्या पोरीसनी जाई."

"हात तुन्ही! मंग हो. दहा डाव हो." मग त्यांचा आवाज जरा लाजल्यासारखा झाला. "आनि ऐक बेटा. सारंगखेडानी यात्रा भरेल शे. मन्हा जीव घोडासमा अडकेल ऱ्हास, तुले माहीत शे. रूम आजच भरी, गॅस सोडी दिधा. मी दोन दिवस यात्राले जाऊ का? लखन शे अठे, मन्हा पुतन्या. का खाट टाकू परत? तू सांगशी तसं. घंटी वाजी ना?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. खरं उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते अगदी छोटं होतं. काका, जाऊ नका. पण ते सांगितलं की काका लगेच विचारणार, बेटा, घंटीचा भरवसा नाही तर मी हो कशाला म्हणू? आणि विचारलं नसतं तरी तिला स्वतःला पुढचा फोन लावता आला नसता. डिसेंबर होता. जिन्यात उभं राहून तिच्या पायांना गार लागत होतं. एवढ्या थंडीत केळी ती काय तापणार, असं तिने स्वतःला सांगितलं.

"जा काका," ती म्हणाली. "घंटी वाजी."

मग ती वर आली आणि ऑफिसच्या लाईनवरून तिने शाळेतल्या बाईंच्या मराठीत विचारलं, "नमस्कार गिरधरजी, आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे का?"

"हो," काका म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट, जसं पोरीला शाळेत पास करायचं आहे.

पडदा कोरा झाला. नवनीत सरांनी सगळ्यांसाठी सामोसे मागवले.

केळीच्या खोलीची एक गोष्ट अर्शियाला ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक करून घ्यायचं तिच्या कामात कुठे लिहिलेलंही नव्हतं. पिकवायचा गॅस सोडून दार बंद केलं की आतली केळी स्वतःच तापायला लागतात. बाहेर हिव पडलेलं असलं तरी. थंड करणारं यंत्र चालू असेल तर ती हळूहळू पिवळी होतात. यंत्र बंद पडलं तर आपल्याच उष्णतेने शिजतात. आणि पहिले दोन दिवस दार उघडायचं नसतं, गॅस निघून जातो.

शनिवारी लाईट गेली आणि आली. आतले पंखे फिरायला लागले, त्यांचा आवाज बाहेर येत होता, पण थंड करणारं यंत्र पुन्हा सुरू झालं नाही. डबा अडकला. लखन यात्रेला न जाता इमानाने खोलीशी बसून होता, दर घडीला मोबाईल बघत होता. मोबाईल सतरा म्हणत होता. काकांनी यात्रेतून फोन करून विचारलं, त्याने सतरा सांगितलं. काका निश्चिंत होऊन घोड्यांच्या रांगेत फिरत राहिले. सोमवारी सकाळी लखनने दार उघडलं तेव्हा आतून आंबूस वाफ त्याच्या तोंडावर आली. फण्या वरून हिरव्याच होत्या. सालीला बोट लावलं तर ते आत गेलं. आत नुसता लगदा होता.

त्याचा फोन आला तेव्हा ऑडिटर हेमांगी मॅडम कॉन्फरन्सच्या खोलीत चहा पीत होत्या. रिम्शाने फोन घेतला आणि हेडफोन गळ्यात तसाच ठेवून अर्शियाकडे आली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अप्पी, गिरधरकाका की पूरी रूम गई," ती कानाशी कुजबुजली. "गावातल्या सगळ्यांचा माल होता आत. लखनभाऊ रडतायत. तिकीट उघडू?"

अर्शियाने काचेतून नवनीत सरांकडे पाहिलं. ते उठून बाहेर आले, ऐकलं, आणि नेहमीसारखंच हळू म्हणाले, "उघडायचंय ना. दुपारी उघडू. मॅडम जेवून गेल्या की." मग अर्शियाकडे बघून, "तुला आत बोलावलंय. सॅम्पल काढलेत त्यांनी."

हेमांगी मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला नीटस बाई होत्या. धाक दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. धाक दाखवणारी असती तर अर्शियाला सोपं गेलं असतं. त्यांनी समोर काही तिकिटं उघडून ठेवली होती, आणि त्यांत वरचंच गिरधर पाटलांचं होतं.

"अर्शिया, मला मुलींनी तुझा ताप आणि मलेरिया सांगितला," त्या म्हणाल्या. "इतकं सोपं मी मोठ्या कंपन्यांतसुद्धा कुणाकडून ऐकलं नाही. म्हणून तुलाच विचारते. या एका ग्राहकाची थोड्या दिवसांत बरीच तिकिटं दिसतात. कारणं वेगळी लिहिलीत, पण मला शंका येते. हा मलेरिया नाही ना?"

असा प्रश्न आयुष्यात एकदाच कुणी विचारतं. तोही इतक्या आदराने. अर्शियाच्या जिभेवर उत्तर आलेलं होतं. हो मॅडम, मलेरियाच आहे, आणि पेशंट आज सकाळी गेला. काचेपलीकडे रिम्शा, तिच्या शेजारच्या दोघी, मागच्या रांगेतल्या सगळ्या, माना खाली घालून की-बोर्ड बडवत होत्या. काहीच टाईप करत नव्हत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग तिला त्यांच्या आया दिसायला लागल्या.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "कारणं खरंच वेगळी होती. गावाकडे लाईटचा त्रास असतो. ग्राहक समाधानी आहे. रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे."

मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. खोलीत काकांचा आवाज घुमला. हो.

"किती मनापासून म्हणतात," मॅडम हसल्या आणि त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी लिहिलं. ग्राहकांशी उत्तम नातं, हे या ऑफिसचं बलस्थान म्हणून अहवालात आलं, ते हेच.

मंगळवारी अर्शिया जावेदच्या गाडीत बसून गावी गेली. सरांनी नको म्हटलं होतं, तरी गेली. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत पाणी मारलेलं होतं. माल ट्रॉलीत भरून नदीकडे नेऊन टाकला होता, तरी वास गेला नव्हता. काका ओट्यावर बसलेले. अंगावर यात्रेला घालतात तो नवा सदरा, दोन दिवसांचा चुरगळलेला. समोर मंडळीतले काही जण उभे होते, आणि त्यांच्यातला एक मोठ्याने बोलत होता.

"चेअरमन, आम्हीन तुम्हनावर भरोसा ठेवा. आनि तुम्ही घोडा दखाले गयात!"

"गयतू," काका म्हणाले. "चुकनं मन्हं."

"डबा लायेल व्हता ना? मोठी टेप लावतस व्हतात, शौकतभाईनी पोर शे म्हनीसन. हाईच का ती?"

सगळ्यांनी अर्शियाकडे पाहिलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात काका उठले.

"तिनं काही नही त्या मा. तिनी माले सांगेल व्हतं, काका, जाऊ नका म्हनीसन. मीच नही ऐकं." आणि घराकडे तोंड करून त्यांनी बायकोला हाक दिली. "तापीबाई, पोर येल शे, चहा टाक."

तापीबाईंनी चहा आणला. कपाला कान होता आणि बशी धुतलेली होती, पाहुण्यांची. त्यांनी अर्शियाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. अर्शियाने तो चहा प्यायला. न पिऊन जायची हिंमत तिच्यात नव्हती. तिला स्वतःची शिसारी आली, तरी तिने कप रिकामा केला. चार दिवसांत गिरधरकाकांनी चेअरमनकी सोडली. सोडली म्हणजे लोकांनी सोडायला लावली. मंडळी मोडली आणि केळी पुन्हा व्यापाऱ्याच्या गाडीत चढायला लागली.

भरपाई मागणारा अर्ज लखनने कंपनीकडे पाठवला होता. उत्तर तयार करायचं काम अर्थातच अर्शियाकडे आलं. नवनीत सरांनी तोंडी सांगितलं, तिने लिहिलं: आपली पूर्वीची तक्रार आपल्या संमतीने बंद झालेली असून तसं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सबब कंपनी जबाबदार नाही. हे पाठवलं आणि अर्जाचं तिकीट बंद झालं. बंद झालं की कॉम्प्युटर आपणहून ग्राहकाला फोन लावतो. आमच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल? अत्यंत असमाधानी असल्यास एक दाबा, अत्यंत समाधानी असल्यास पाच.

थोड्या वेळाने पडद्यावर नाव आलं. गिरधर पाटील. पाच.

अर्शिया जिन्यात धावली. तिथूनच तिने त्या शुक्रवारी फोन केला होता.

"काका, तुम्ही पाच काबर दाबात?"

"मंग काय दाबू?" काकांचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "एक दाबतू ते तुन्ही नोकरी जाती. मन्हं ते गयं ते गयं. शौकतभाईले कोनतं तोंड दखाडतू मी?"

"काका, मी..."

"राहू दे बेटा. फक्त एक कर. जावेदले सांग, ते डबलं काढी ली जा. माले ते दखानं का कसंतरीच व्हस."

प्रमाणपत्र आलं. सुरतेहून मोठे साहेब आले, मुलींच्या आई-बापांना बोलावलं, पेढे वाटले. आया नव्या साड्या, नवे दुपट्टे नेसून-ओढून आल्या होत्या आणि खुर्च्यांच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा आनंद खरा होता, त्यात काही खोटं नव्हतं. ऑफिस राहिलं होतं. अर्शियाची बढती जाहीर झाली. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या नखांत पत्र्याचा काळा कायमचा बसलेला, तो लपवायला त्यांनी हात मांडीखाली घेतले होते.

नवनीत सर माईकवर उभे राहिले. "ग्राहकाशी नातं कसं असावं, हे ऑडिटर मॅडमनी आमच्याकडून शिकण्यासारखं आहे असं लिहिलंय," ते म्हणाले. "त्याचा नमुना ऐकवतो. हे गाव तापीकाठचं. गुण, पाचपैकी पाच." आणि त्यांनी बटण दाबलं.

हो.

टाळ्या वाजल्या. अब्बांचे हात मांडीखालून बाहेर आले होते, पण ते वाजले नाहीत. गिरधरभाऊंचा आवाज ते हजारांत ओळखत. आणि गिरधरभाऊंची खोली गेली, चेअरमनकी गेली, घोड्यांच्या नादापायी गेली, हे बाजारात त्यांच्या कानावर आलेलं होतं. भाऊ दुकानाकडे फिरकले कसे नाहीत, याचं त्यांना नवल वाटत होतं.

घरी जाताना रस्त्यात ते थांबले. "गिरधरभाऊने हां काहे को बोला?" त्यांनी विचारलं. अर्शियाने काही लपवलं नाही. जिन्यातला फोन, यात्रा, घंटी, मॅडमचा प्रश्न, काकांचा पाच. सगळं सांगितलं, आणि सांगताना वाटलं, आता अब्बा ओरडतील, आता एक थोबाडीत बसेल, आणि मग बरं वाटेल. अब्बांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "जबान मेरी थी," आणि चालायला लागले.

नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. बढतीचा पगार घरात आला, अम्मीने मशिदीत मिठाई पाठवली. नव्या मुली आल्या. पहिल्या दिवशी अर्शियाने त्यांना इंग्रजी पानं वाचायला दिली. ताप आणि मलेरियाची रिम्शाने आठवण केली, तेव्हा ती म्हणाली की तो धडा आता नको.

एका दुपारी ती अब्बांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेली. खापरकडच्या धनुबाई लेकीच्या लग्नासाठी पेटी बघत होत्या. पेटीचं झाकण उघडून, कडी वाजवून झाली, मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"शौकतभाई, हाई काच लायेल काय शे? कोनं सर्टिफिकेट शे?"

अर्शिया दाराशी थांबली. हा प्रश्न म्हणजे अब्बांची चैन होती. आजवर एवढं विचारायचा अवकाश, की हातोडी खाली आणि पोरीची गोष्ट सुरू, शाळेतल्या पहिल्या नंबरापासून. तिला ती गोष्ट पाठ होती.

अब्बांनी हातोडी खाली ठेवली नाही. पत्र्याची कड दुमडत, मान वर न करता ते म्हणाले, "भितले भोक पडेल व्हतं. ते झाकाले लायेल शे."

धनुबाईंनी मान हलवली आणि पेटीचा भाव विचारला. अर्शियाने डबा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि ती ऑफिसला परत गेली, कारण दुपारचा पडदा तिला बघायचा होता.